काढू का ठेवू? एका एमबीए प्रोजेक्टच्या नोंदी

कॉलेजने छापील प्रोजेक्ट डायरी दिली आहे. तारीख, चर्चेचा विषय, वेळ, गाइडची सही असे रकाने. ती वही सहीपुरती. तिच्यात मी "संशोधन आराखड्यावर चर्चा, ४५ मिनिटे" असं लिहिते. त्यातली पंचवीस मिनिटं मी केबिनबाहेरच्या बाकावर बसलेली असते, हे लिहीत नाही. ही दुसरी वही माझी.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

विषय द्यायची शेवटची तारीख. एसटीत सुचलेलं शीर्षक घेऊन गेले : "सांगली जिल्ह्यातील बेदाणा विपणनाचा चिकित्सक अभ्यास". मला चांगलं भारदस्त वाटलं होतं. गाइड मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"यातलं तुम्हाला काय माहीत नाही?"

"म्हणजे?"

"नऊ वर्षं कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब लिहिताय ना? मग बेदाण्याबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट सांगा. ती शोधायची."

सांगता आली नाही. फॉर्मवर तूर्त तेच शीर्षक लिहून दिलं.

येताना लायब्ररीत जुने प्रोजेक्ट चाळले. मरून, काळे, निळे पुठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरं. शीर्षकं निरनिराळी, आतलं पोट एकच. आधी कंपनीची ओळख, जी कंपनीनेच लिहिलेली असते. मग पाय चार्ट, आणि प्रत्येक पाय चार्टखाली त्यातच दिसतंय ते पुन्हा वाक्यात. शेवटी शिफारस : व्यवस्थापनाने ग्राहकांशी संवाद वाढवावा. एका प्रोजेक्टमध्ये दोन ठिकाणी गावाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. म्हणजे आधीचा मालक कुठल्या गावचा, ते कळलं.

२२ डिसेंबर

रविवार असून ऑफिसला. काल जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची ५५वी बैठक झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांचा बेदाणा विकला तर त्याला जीएसटी लागत नाही, असा खुलासा आला. सकाळपासून फोन थांबत नाही. खुलासा पुढचा की मागचा, कागद कधी येणार, अडत्याच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबावर) काय लिहायचं. मला जेवढं वाचायला मिळालं तेवढं सांगत होते.

मोह झाला. विषयच बदलून "बेदाणा आणि जीएसटी" करावा, ताजा आहे. मॅडमना मेसेज टाकला. उत्तर एका ओळीचं : "यात सहा महिन्यांत काय मोजाल?" विषय तिथेच संपला.

पण संध्याकाळी कवठेमहांकाळकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याला जीएसटीत रस नव्हता. "ताई, ते राहू द्या वो. शिल्लक चाळीस बॉक्स हायत माझं. काढू का ठेवू?"

काढू का ठेवू. नऊ वर्षं हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी ऐकते आणि दर वेळी "बघा तुमच्या मनानं" म्हणून फोन ठेवते. मला माहीत नसलेली गोष्ट हीच की.

११ जानेवारी २०२५

विषय ठरला. शीर्षक पुन्हा भारदस्तच झालंय ("शीतगृहातील बेदाणा साठवणुकीचा कालावधी आणि उत्पादकाचा निव्वळ परतावा"), पण या वेळी त्याच्या पोटात प्रश्न आहे.

मॅडमनी दोन नावं वाचायला दिली. होलब्रूक वर्किंग हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ, गव्हाच्या बाजारावर काम केलेला. १९४९ मध्ये त्याने मांडलं की आजचा दर आणि पुढच्या महिन्यासाठी आजच ठरलेला दर यांतला फरक म्हणजे माल सांभाळून ठेवण्याचा बाजाराने दिलेला मोबदला. तो मोबदला खर्चाहून जास्त असेल तर ठेवा, नसेल तर काढा. त्याच्या दहा वर्षं आधी, १९३९ मध्ये, निकोलस काल्डोरने अजून एक बारीक गोष्ट सांगितली होती : माल हाताशी असणं हीच एक सोय आहे आणि त्या सोयीला किंमत असते. कारखानदाराला ते पटकन पटेल. द्राक्षबागायतदाराला हाताशी काय असलेलं बरं वाटतं, माल की रोकड, हे बघायचं.

ठेवल्याचा खर्च मी चार भागांत लिहिला : स्टोअरचं भाडं, अडकलेल्या पैशाचं व्याज, वजनातली तूट, रंग उतरण्याची जोखीम. पहिलं माझ्या टेबलावर आहे. दुसरं बँकेच्या दराने धरता येईल. तिसरं-चौथं कठीण. (दुसरं सोपं आहे असं मी इथे लिहून ठेवलंय, हे नंतर लक्षात ठेवायचं.)

२५ जानेवारी

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्याची कमिटी. तिघं बसले होते. एका सरांनी पहिल्या पानावरच विचारलं, "सॅम्पल किती?" मी म्हटलं, चाळीसेक शेतकरी. "तीनशे चौऱ्याऐंशी घ्या."

हा ३८४ आकडा आमच्या वर्गात सगळ्यांच्याच सिनॉप्सिसमध्ये आहे. क्रेजी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये एक तक्ता केला, त्यातला तो मोठ्या लोकसंख्येसाठीचा आकडा. पण त्या तक्त्याची अट अशी की माणसं चिठ्ठी टाकून निवडल्यासारखी निवडलेली हवीत. मला भेटणार ते आमच्याच स्टोअरला माल ठेवणारे. असे ३८४ गाठले तरी ते सगळ्या जिल्ह्याचे होत नाहीत. फक्त पाय थकतात. हे मी एवढं नीट बोलले नाही. अर्धं बोलले, अर्धं मॅडमनी सांभाळलं. त्यांनी सुचवलेली वाट अशी : चाळीस माणसांशी बोलायचं, आणि खरा आधार पावत्यांचा घ्यायचा. नमुना "हेतुपूर्वक निवडलेला" असं स्पष्ट लिहायचं.

सरांनी सही केली. जाताना म्हणाले, "निदान काय-स्क्वेअर तरी लावा." लावते म्हटलं. (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नुसता योगायोग, हे तपासायची ती संख्याशास्त्रातली चाचणी.)

९ फेब्रुवारी

प्रश्नावली तपासून बघायला बेदाण्याच्या शेडवर गेले. सोबत मुलगा, त्याला रविवारी कुठे ठेवणार.

आमच्या पूर्व भागात पाऊस कमी आणि हवा कोरडी, म्हणून ही सगळी शेडं इकडे. फेब्रुवारीत उतरलात तर वाऱ्यालाच गोडसर वास असतो. क्रेटमधून द्राक्षं येतात, हौदातल्या द्रावणात बुडवतात (लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं), त्याने सालीवरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं. मग एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायचं. साधारण बारा ते पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा एक किलो, थोडं इकडेतिकडे. पुढे झाडणं, निवडणं, गंधकाची धुरी, पंधरा किलोचे बॉक्स आणि मग आमच्याकडे थंडीत.

प्रश्नावलीचा पार बोऱ्या वाजला. मी पाच पर्यायांचे प्रश्न केले होते, पूर्ण असमाधानीपासून पूर्ण समाधानीपर्यंत. पहिल्याच काकांना विचारलं, साठवणूक व्यवस्थेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?

"बरं हाय की."

"नाही, यातलं कुठलं? समाधानी, की पूर्ण समाधानी?"

"तुम्ही स्टोअरच्या ताई ना? मग पूर्ण समाधानी लिवा."

तिथेच कागदाची घडी घातली. स्टोअरच्या बाईने स्टोअरबद्दल विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार! समाधानाचे प्रश्न सगळे काढून टाकले. त्याऐवजी तीनच विचारायचे : माल कधी ठेवला, कधी काढला, आणि ज्या दिवशी काढला त्या आठवड्यात पैसे कशाला लागले. तिसरा प्रश्न निघताना सहज सुचला. त्यावर माणसं बोलतात. कुणी मुलीची फी सांगितली, कुणी बोअर.

मुलाने इतका बेदाणा खाल्ला की रात्री जेवला नाही.

२ मार्च

आजपासून रमजान. या दिवसांत बेदाण्याला उठाव असतो, त्यामुळे स्टोअरमध्ये गडबड. रात्री अकरानंतर बसले.

बाजार समितीच्या नोंदींवरून मागच्या काही हंगामांचे आवक आणि दर उतरवून घेतले होते : किमान, कमाल, सर्वसाधारण. आलेख काढला तर फार सुरेख आला. मार्च-एप्रिलला खाली, दिवाळीकडे वर. म्हणजे ठेवणाऱ्याचा फायदा. प्रोजेक्ट संपला असं वाटून चहा केला.

चहा पिताना किमान-कमालकडे लक्ष गेलं. एकाच दिवशी दोघांत इतकं अंतर, की मधल्या आकड्याला अर्थच राहत नाही. हिरवा लांब मणी, पिवळा, काळा, चिरमुटलेला, सगळ्याला नोंदवहीत "बेदाणा" हा एकच शब्द. आणि ठेवतं कोण, काय? चांगला माल असेल तोच माणूस दिवाळीसाठी ठेवतो. डागी माल, पावसात सापडलेला माल ठेवून काय करणार, तो मार्चातच जातो. तर मग दिवाळीला सरासरी वर गेली ती दर चढले म्हणून, की त्या दिवसांत बाजारात चांगलाच माल जास्त आला म्हणून?

दोन्ही असेल. पण किती कुठलं, हे त्या आलेखातून कधीच निघणार नाही. सुरेख आलेख होता. ठेवून दिलाय एका फोल्डरमध्ये, "चुकीचा पण छान" नावाने.

एकच उपाय. तोच माल, त्याच प्रतीचा, वेगवेगळ्या महिन्यांत काय दराने गेला हे बघायला लॉटवार नोंद हवी. ती फक्त आमच्या कपाटात आहे, आणि ते कपाट माझं नाही.

१५ मार्च

मालकांशी बोलले. आधी सरळ नाही म्हणाले. "लोकांनी विश्वासानं माल ठेवलाय. कुणाचे किती बॉक्स, कुणावर किती उचल, हे तुझ्या कॉलेजात वाचणार होय?" चुकीचं काहीच नव्हतं त्यात. मी मागितलेली परवानगी ही गावातल्या शंभर घरांच्या खिशात हात घालण्याची होती, आणि मी ती चहाच्या वेळी, उभ्या उभ्या मागितली.

दुसऱ्यांदा कागदावर लिहून नेलं : नावं नाहीत, गावं नाहीत, प्रत्येक लॉटला मी दिलेला वेगळा क्रमांक, मूळ यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरबाहेर जाणार नाही, स्टोअरचं नाव प्रोजेक्टमध्ये येणार नाही. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आणि भाडं पण लिहायचं नाही." भाड्याशिवाय हिशेब कसा? शेवटी तडजोड अशी झाली, की भाडं सगळ्यांना सारखं असल्याने ते एका अक्षराने दाखवायचं, आकडा नाही. मॅडमना पटलं. बीजगणित पहिल्यांदा उपयोगी पडलं म्हणायचं.

३० मार्च, पाडवा

गुढी, श्रीखंड, आणि दुपारी अण्णांसमोर वही. अण्णा म्हणजे माझे सासरे. तीन एकर बाग, चाळीस वर्षं द्राक्षात. मी त्यांना पहिला हिशेब दाखवत होते : दर समजा किलोला १५० रुपये, व्याज बँकेचं ९ टक्के धरलं, तर महिन्याला किलोमागे १ रुपया १३ पैसे व्याज, अधिक भाडं, अधिक तूट. महिन्याला दर एवढ्याने चढत असेल तर ठेवावं.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "व्याज सगळ्यांचं सारखंच धरलंस व्हय?"

मी म्हटलं, हो, बँकेचा दर.

"बँक कुणाला? ज्याचं सगळं नीट हाय त्याला. खालच्या आळीतला तो, त्याची औषधं-खतं दुकानदाराकडनं उधारीवर. शेकडा दोन. त्यानं बेदाणा दिवाळीपर्यंत ठेवला तर त्याला काय पडंल?"

शेकडा दोन म्हणजे महिन्याला २ टक्के, वर्षाला २४. तिथल्या तिथे मांडलं. १५० रुपयांवर महिन्याला ३ रुपये. पाच महिने ठेवला तर १५ रुपये, म्हणजे नुसत्या व्याजापायी दर १० टक्के चढायला हवा, भाडं-तूट वेगळीच. तोच माल, त्याच स्टोअरमध्ये, शेजारच्या थप्पीत, पण समजा ६ टक्क्यांच्या पैशावर बसलेल्याला महिन्याला ७५ पैसे, पाच महिन्यांना पावणेचार रुपये.

मग त्यांनी सोसायटीचं काढलं. पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळे ३ लाखांपर्यंत शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. "मग मुदतीच्या आधी माणूस बेदाणा काढतो, दर कसा का असंना. तुझ्या वहीत त्यो येडा ठरतोय."

अकरा जानेवारीची नोंद काढून वाचली. "दुसरं सोपं."

सगळा तिसरा चॅप्टर नव्याने. श्रीखंड मात्र चांगलं झालं होतं.

१३ एप्रिल

खरड छाटणी सुरू, त्यामुळे बागायतदार दिवसा बोलायला मिळत नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ गाठायचं. आतापर्यंत २३ जण झाले. पैसे कशाला लागले या प्रश्नाची उत्तरं लिहून भिंतीवर चिकटवत गेले. छाटणीची मजुरी, दुकानदाराची बाकी, सोसायटी, लग्न, दवाखाना, ट्रॅक्टरचा हप्ता. दर चांगला आला म्हणून काढला, असं म्हणणारेही आहेत, पण त्यांना हुडकावं लागतंय.

एकाने सांगितलं, सौद्याच्या दिवशी नमुना बघताना बॉक्स उपडा करतात, बेदाणा फरशीवर उधळतात, तो आपलाच जातो, त्याची तूट तुमच्या हिशेबात कुठं? उधळणीवरून इथे भांडणं जुनीच आहेत. माझ्या चार भागांत तिला जागा नव्हती. तूट या रकान्यात "सौद्यातील" असा एक पोटरकाना वाढवला. मोजता येणार नाही, पण नोंद तरी राहील.

२० एप्रिल

आजचा दिवस वाया. लॉटची यादी एक्सेलमध्ये ओढली तर जोडच लागेना. विक्रीच्या पट्ट्यांतला लॉट आणि ठेवपावतीतला लॉट जुळत नव्हता. चार तासांनी कळलं : आमचे लॉट नंबर शून्यापासून सुरू होतात, ००४७ असे. एक्सेलने शहाणपणा करून सगळी शून्यं खाऊन टाकली आणि ४७ ठेवला. दुसऱ्या फाइलमध्ये मात्र शून्यं शाबूत. त्यात जुन्या वर्षांची गावांची नावं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, ती उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

सेल आधी टेक्स्ट करायचा, मग आकडा टाकायचा. भिंतीवर लावलंय.

२७ एप्रिल

२०२० चा हंगाम बाजूला काढला. मार्चअखेर लॉकडाऊन लागला, खायची द्राक्षं बागेतच अडकली, ज्याला जमलं त्याने त्यांचा बेदाणा केला, आणि सौदे बंद. त्या वर्षी कोण कशासाठी थांबलं हे विचारण्यात अर्थ नाही. थांबण्याशिवाय काही नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, काढा, पण का काढलं ते परिच्छेदभर लिहा, गुपचूप काढू नका.

११ मे

तारण कर्जावर दिवसभर वाचन. मला हे आधीच सुचायला हवं होतं. घाईने विकायला लागू नये म्हणूनच तर ही योजना : कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना, १९९०-९१ पासूनची. माल बाजार समितीकडे तारण ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, १८० दिवस, ६ टक्के. बेदाणा यादीत आहे.

पण बेदाण्याच्या ओळीत, मला मिळालेल्या तक्त्यात, पुढे अजून एक वाक्य आहे : ७५ टक्के किंवा क्विंटलला ७,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. ७,५०० म्हणजे किलोला ७५ रुपये. दर १०० रुपये असेल तोवर ७५ टक्के खरोखर मिळतात. दर १५० झाला की ७५ रुपये म्हणजे निम्मेच. ज्याला पूर्ण रकमेची नड आहे, त्याचे उरलेले ७५ रुपये पुन्हा शेकडा दोननेच. त्याचं महिन्याचं व्याज निघालं १ रुपया ८८ पैसे. तीन रुपयांपेक्षा बरंच कमी, पण पंच्याहत्तर पैशांच्या जवळपासही नाही.

दर चढला की कर्जाचा आधार प्रमाणाने कमी होत जातो. हे एका तक्त्यात मांडलं. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मला स्वतःला आवडलेलं हे एकच पान.

गोदाम पावतीचा दुसरा रस्ताही आहे, २००७ च्या कायद्याखालचा, नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर बँकेचं कर्ज. मी बोललेल्यांपैकी कुणीच तो वापरलेला नव्हता. का, हा वेगळा प्रोजेक्ट होईल. माझ्या हातून नको.

२६ मे

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस! मान्सूनच येऊन टेकलाय म्हणे. वीज गेलेली, जनरेटरवर स्टोअर, सगळे तापमानाच्या काट्याकडे डोळे लावून. लॅपटॉपची बॅटरी ११ टक्के. लेखन शून्य.

८ जून

निष्कर्षाचा चॅप्टर. मार्चातल्या सुरेख आलेखाशेजारी आता प्रतवारीने वेगळा केलेला आलेख आहे. चढ आहेच, पण पहिल्यासारखा उभा नाही. आमच्या एका स्टोअरच्या पावत्यांवरून एवढंच म्हणता येतं : स्वस्त पैसा असलेल्याला ठेवणं बहुतेक हंगामांत परवडलेलं दिसतं; शेकडा दोनवाल्याला ते बऱ्याचदा परवडलेलं नाही. म्हणजे मार्चात घाईने विकणारा माणूस हिशेबात चुकत नव्हता. अण्णांचा "येडा" शहाणा निघाला. हे वाक्य असंच लिहिलं होतं. मॅडमनी खोडलं आणि "विवेकी वर्तन" असं केलं.

काय-स्क्वेअर लावला. पैशाचा स्रोत आणि विक्रीचा महिना. ३८ माणसं, आणि तक्त्यातले खण इतके की निम्म्यांत अपेक्षित आकडा पाचाच्या खाली. अशा वेळी ती चाचणी भरवशाची राहत नाही. खण एकत्र केले, स्रोत दोन आणि काळ दोन. मग कुठे जमलं. सरांना दिलेला शब्द पाळला.

शिफारशींत "संवाद वाढवावा" नाही. तीनच आहेत आणि एक बेदाण्याच्या त्या ७,५०० च्या मर्यादेबद्दल आहे.

२१ जून

साम्य तपासणीचा रिपोर्ट आला : ३१ टक्के. पोटात गोळा. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत काही नाही, त्यावर गेलं की दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. मी एक ओळ उचललेली नाही, मग ३१ कुठून?

रंगवलेली पानं बघितली. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश. सगळ्या कॉलेजांत तेच शब्द. "सदर प्रकल्प हे माझे स्वतःचे कार्य असून" या वाक्यालाच चोरी ठरवलंय. पुढे संदर्भसूची आणि द्रावणाचं प्रमाण. ती पानं वगळून पुन्हा टाकलं, दोन व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. आठ.

५ जुलै

बाइंडिंग. चार प्रती. दुकानदार म्हणाला, मरून संपलाय, काळा घ्या. नियमावलीत मरूनच लिहिलंय. दुसऱ्या दुकानात मरून मिळाला, पण पुठ्ठ्यावर "शितगृह" असं सोनेरी अक्षरात छापून आलं, ऱ्हस्व. त्याला दाखवलं तर म्हणतो, "कोण बघतंय ताई." नवऱ्याने मध्ये पडून नवीन पुठ्ठे करून घेतले. जुना एक घरी आणला, मुलाने त्यात चित्रं ठेवली आहेत.

१९ जुलै

वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. माझा नंबर सतरावा, दुपारी साडेतीन. बाहेरून आलेले परीक्षक, साठीचे असावेत, पानं शेवटून उलटत होते. मला वाटलं ३८४ येणार. नाही आलं.

"तुम्ही म्हणता ठेवणाऱ्यांना परवडलं. पण ठेवणारे कोण? ज्यांना आधीच परवडत होतं तेच ना? ज्याला पैसा महाग पडतो त्याने पाच महिने ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे तुमच्या पावत्यांत कुठे आहे?"

नाही, असं म्हटलं. त्याने ठेवलंच नाही, म्हणून त्याची पावती नाही. त्याच प्रतीचा दुसऱ्याचा लॉट घेऊन त्याचं व्याज त्यावर लावलंय, तो अंदाज आहे, आणि मर्यादांच्या पानावर ते लिहिलंय.

"कितव्या पानावर?"

सांगता आलं. ९१. त्यांनी काढून वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "घरी बाग आहे का?" आहे म्हटलं. "यंदा काय केलंत?" साठ बॉक्स ठेवलेत. "अजून?" अजून.

पुढच्याला बोलवा, म्हणाले.

२ ऑगस्ट

निकाल. पास. प्रोजेक्टचे मार्क चांगले, कॉस्टिंगचे नव्हते तेवढे. मालकांनी पेढे मागवले आणि एक प्रत मागितली. दिली. त्यांनी आधी भाड्याचं पान शोधून, अक्षरच आहे ना याची खात्री केली.

२३ ऑगस्ट

अण्णा सकाळीच स्टोअरवर आले. ऑक्टोबर छाटणीआधी शेणखत टाकायचंय आणि मजुरांना उचल द्यायचीय. मी हिशेब सांगायला लागले, की आपला पैसा स्वस्त आहे, गणपतीनंतर, दिवाळीपर्यंत...

"निम्मं काढ," म्हणाले. "निम्मं तुझ्या वहीसाठी ऱ्हाऊ दे."

तीस बॉक्स बाहेर आले. पावती माझ्याच टेबलावर. नवीन फाइल उघडली, लॉटच्या रकान्यात सेल आधी टेक्स्ट केला आणि मग नंबर टाकला : ००१२.